आमची वाटचाल: हार्डवेअरच्या दुकानातून धारेच्या कामाकडे

चिपळूणच्या बाजारपेठेत सासऱ्यांनी दुकान काढलं तेव्हा खिळे, बिजागऱ्या, कडीकोयंडे, कंदिलाच्या काचा आणि शेतीची हत्यारं असा सगळा एकत्र माल होता. कोयते, विळे, कुदळी, पहारी आसपासच्या लोहारांकडून यायच्या. पावसाळ्याच्या तोंडावर दुकानात उभं राहायला जागा नसायची. पुढे गवत कापायची पेट्रोलवरची मशिनं आली, शेतं पडीक राहू लागली, मुलगे मुंबईला गेले ते गणपती-शिमग्यापुरते दिसू लागले आणि कोयत्याचा खप बसला. सासऱ्यांचे गुडघे गेले तशी गल्ल्यावर मी आले. हे बँकेत, त्यामुळे दुसरं कोणी नव्हतंच. सुरुवातीला गिऱ्हाईक माझ्याकडे बघूनच विचारायचं, "दुकानात कोणी नाय काय?"

आज आमचं निम्म्याहून जास्त उत्पन्न जुन्या हत्यारांना धार लावणं, गंज काढणं, मुठी बसवणं यातून येतं. हे कसं झालं ते सांगायचं तर दारातल्या बाकाबद्दल सांगायला हवं.

बाक फणसाचा, सासऱ्यांनीच करून घेतलेला. त्यांना बोलायला माणसं लागायची. त्यांच्यामागे बाक रिकामा राहील असं मला वाटलं होतं, पण संध्याकाळी पाच वाजले की मंडळी हजर. फौजेतून निवृत्त झालेले दादा. शाळेतून निवृत्त झालेले सर, खिशात कायम भिंग. गुहागरकडचे सुतारभाऊ, जे मुळात गिरमिटाचं पान घ्यायला आले आणि तिथेच बसले. आंबा-काजूवाले बागायतदार काका, ज्यांच्याकडे आजोबांपासूनची ठासणीची बंदूक आहे. आणि पुण्याची नोकरी घरातून करणारा एक पोरगा, ज्याच्या खिशात स्विस चाकू असतो आणि तो चाकू शहाळ्यावर चालवून दाखव म्हटलं की विषय बदलतो.

या पाच जणांचं एकमेकांशी कधी पटलेलं मी पाहिलेलं नाही. आणि यातला एकही दिवस चुकवत नाही.

बंदुकांचा विषय रोजचा. दादांची भक्ती थ्री नॉट थ्रीवर. पोलिसांच्या खांद्यावरची ती लांबुळकी रायफल म्हणून आपण तिला ओळखतो, पण दादा सुरू झाले की दहा गोळ्यांचं मॅगझिन, मागे-पुढे सरकणाऱ्या खटक्याची चाल, सगळं हाताने करून दाखवतात. १९६० च्या दशकात बंगालमधल्या इशापूरच्या कारखान्याने त्याच घडणीची ७.६२ मिलिमीटरची रायफल काढली, हे त्यांनी इतक्यांदा सांगितलंय की आता समोरचा चहावाला ते वाक्य पुरं करतो. संगिनीचंही तसंच. इंग्रजांची १९०७ ची संगीन सतरा इंच पात्याची, आपल्याकडे पुढे ती बारा इंचांवर आणली. "सतरा इंच कशाला लागायची ओ?" असं सुतारभाऊंनी विचारलं की दादा म्हणणार, "तुझ्या पाच फुटी पोटाला." मग दोघं मिळून चहा सांगणार, माझ्या खात्यावर.

काकांची बंदूक शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची. नळीत दारू ओतायची, गजाने ठासायची, बोंडी बसवायची, छर्रे टाकायचे, परत ठासायचं, मग घोड्याखाली केप, म्हणजे फुटून बत्ती देणारी छोटी टोपी, लावायची. एवढं होईपर्यंत रानडुक्कर सुरण खाऊन, तोंड पुसून घरी. निवडणूक जाहीर झाली की काका बंदूक पोलीस ठाण्यात जमा करून पावती घेऊन येतात.

"काय काका, गेली काय माहेरी?"

"गेली. आणि सांगतो, ती गेली की डुकरं जास्त येतात."

"ती असताना मोजलीत कधी?"

सरांना या बंदुकीवर निबंध वाचायची सवय. ठासणी ती ठासणीच, पण बत्ती कशी लागते त्यावरून पिढी ठरते: जळती वात टेकवायची ती तोड्याची, गारगोटीची ठिणगी पाडायची ती चकमकीची, आणि केप फुटते ती सगळ्यात अलीकडची. काकांची केपाची, म्हणजे सरांच्या हिशेबी "कालची". आजोबांच्या बंदुकीला कालची म्हटल्यावर काका दोन दिवस बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसले होते. एकदा पोरग्याने कायदा काढला, की जुन्या घडणीची, दुरुस्त करूनही चालणार नाही अशी बंदूक शस्त्र कायद्यातून सुटते. काकांनी विचारलं, चालणार नाही हे ठरवणार कोण? दादा म्हणाले, "डुकरं देतील की दाखला."

इथे मला आमचा एक नियम सांगायलाच हवा, कारण नवीन माणसं विचारतात. दुकानात बंदूक येत नाही. १९५९ च्या कायद्याने बंदुकीची दुरुस्तीसुद्धा परवान्याशिवाय करता येत नाही, त्यामुळे काकांच्या घोड्याचा स्क्रू ढिला झाला तरी तो आम्ही पिळत नाही. बंदुका बाकावर फक्त तोंडी चालतात. पात्यांचंही एक माप आहे: नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पातं शस्त्रांच्या यादीत जातं, पण घरकाम, शेती किंवा कारखान्याच्या कामासाठी घडवलेलं त्यातून वगळलंय. म्हणून कोयता फळीवर उजळ माथ्याने बसतो. एकदा एक जण घरातली जुनी संगीन धार लावायला घेऊन आला. त्याला मी हात जोडले. दादांनी मात्र ती बघायला मिळाली नाही म्हणून आठवडाभर माझ्याशी मोजकंच बोलणं ठेवलं.

आता खरं काम. कोयता बहुतेक करून ट्रकच्या कमानपाट्याचा असतो. लोहार तो लाल करतो, आणि पुरेसा तापला का हे बघायला आमचा लोहार लोहचुंबक लावतो. साधारण ७७० अंशांना लोखंड चुंबकाला ओळख देईनासं होतं. त्याहून थोडं वर नेऊन तेलात बुडवायचं. एवढ्यावर सोडलं तर पातं काचेसारखं ठिसूळ, नारळावर पहिल्याच घावाला दात पडतात. म्हणून परत हलकं तापवायचं आणि घासून उजळलेल्या पात्यावर रंग चढताना बघायचा. आधी गवती पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा, मग निळा. वस्तऱ्याला पिवळ्यावर थांबतात. कोयत्याला पुढे जावं लागतं, आणि किती पुढे यावर सुतारभाऊ आणि आमचा लोहार यांचं जे वैर आहे ते त्यांच्या दोघांच्या मुलांच्या लग्नांनीही मिटलेलं नाही.

बाकावरच्या मंडळींमुळे आमचा धंदा बदलला तो इथे. आमच्याकडे धार लावायला विजेचं कोरडं ग्राइंडर होतं. बाजारात सगळ्यांकडे तेच. ठिणग्या उडतात, दोन मिनिटांत काम होतं, गिऱ्हाईक खूश. सुतारभाऊंनी एक दिवस ग्राइंडरवरून उतरलेली पटाशी, म्हणजे लाकूड कोरायची छिन्नी, उचलून सगळ्यांसमोर धरली. धारेच्या कडेला निळी रेघ होती, म्हणजे घासताना पातं तापून त्याचा कडकपणा गेला होता. "वहिनी, हिचं पाणी उतरलंय. आता ही लोणी कापेल." गिऱ्हाईक तिथेच उभं. मी काय बोलणार? पण त्या हंगामात पाण्यातून फिरणारा संथ दगड आणला. वेळ तिप्पट लागतो, दर वाढवावा लागला आणि घाईतली माणसं दुसरीकडे गेली. राहिले ते सुतार, नारळ उतरवणारे आणि सुरीवर जीव असलेल्या सुगरणी, आणि ते अजून आहेत. मासे कापायची विळी कोळणीने परत आणून दिली नाही तर समजायचं काम बरं झालं. त्या पसंती तोंडाने देत नाहीत.

त्याच सुमारास माळ्यावरचं जुनं सामान यायला लागलं. आजोबांचा रंधा, लाकूड तासायचा वाकस, अडकित्ता, खिशातले चाकू. सरांचं भिंग तेव्हा कामाला आलं. एका चाकूच्या पात्यावर मूळच्या काळ्या थराखाली एक चांदणी आणि एक क्रॉस दिसत होता. आणणारा म्हणाला, स्टार कंपनीचा आहे. सर जवळजवळ उभेच राहिले. शेफिल्डच्या जोसेफ रॉजर्सची ती खूण, १७६४ पासूनची. या नावाचा दबदबा एवढा, की नकली मालही भरपूर निघायचा, म्हणून ती खूण बघायची. आणि आमच्या मदतनिसाने तोवर पॉलिशचं चाक सुरू केलं होतं! सरांचा वर्गातला आवाज मी वर्गाबाहेर पहिल्यांदाच ऐकला. तेव्हापासून शिक्का वाचल्याशिवाय पात्याला चाक लावायचं नाही हा आमच्याकडे कायदा आहे. काळा थर ठेवायचा की काढायचा यावर मात्र एकमत नाही. पोरगा म्हणतो, तो थर म्हणजे वय, पुसू नका. सुतारभाऊ म्हणतात, वय माणसाने जपावं, हत्यार चकचकीतच हवं. मी गिऱ्हाइकाला विचारते. ते म्हणतं, "तुम्ही ठरवा," आणि बाकावर पुन्हा पेटतं.

मंडळींना घेऊन आम्ही एकदा अलिबागलाही गेलो, ओहोटी साधून कुलाबा किल्ल्यात. तिथे चाकांच्या गाड्यांवर ज्या दोन इंग्लिश तोफा आहेत त्यांच्यासमोर दादांनी कान्होजी आंग्र्यांवर असं काही भाषण दिलं की बाजूची सहल थांबून ऐकू लागली. सरांनी भाषण संपू दिलं, हे त्यांचं मोठेपण. मग तोफेवरची अक्षरं वाचली: लो मूर, यॉर्कशायर. "कान्होजी गेले १७२९ ला. लो मूरचा कारखाना निघाला १७९१ ला. तर दादा, ही तोफ त्यांनी कशी डागली?" दादा क्षणभर गप्प राहिले. मग म्हणाले, "सर, त्या माणसाला काही अशक्य नव्हतं." सहलीने टाळ्या वाजवल्या त्या दादांना.

२२ जुलै २०२१ चा पूर चिपळूणकराला सांगायला नको. २६ जुलै २००५ ला पाणी कुठवर आलं होतं त्याची खूण सासऱ्यांनी भिंतीवर केली होती आणि चांगला माल आम्ही त्या खुणेच्या वर ठेवायचो. या वेळी खूणही पाण्याखाली गेली. पाणी उतरल्यावर दुकानात चिखलाचा थर, आणि त्यात नवा माल, गिऱ्हाइकांची जुनी हत्यारं, वह्या, सगळं. विमा होता, पण ज्यांच्याकडे होता त्यांनी इतके कागद मागितले की ते कागदच पुरात गेलेत हे सांगायलाही कागद लागला. ते असो.

चिखल काढायला बाकावरचे सगळे आले. बाक वाहून पलीकडच्या गल्लीत अडकला होता, तोही त्यांनीच आणला. लोकांची हत्यारं परत द्यायची होती आणि ती दिवसागणिक लाल होत होती. पोरग्याने निळं पिंप मागितलं, त्यात पाणी आणि धुण्याचा सोडा घातला आणि गॅरेजमधून बॅटरीचा बारा व्होल्टचा चार्जर आणला. ऋण टोक गंजलेल्या हत्याराला, धन टोक भंगार लोखंडाच्या पट्टीला, दोन्ही एकमेकांना न लागता पाण्यात. काकांनी पट्टी म्हणून घरातली स्टीलची जुनी थाळी पुढे केली. पोरग्याने ती हिसकावलीच, कारण स्टेनलेसमधला क्रोमियम पाण्यात उतरला की ते विष होतं. काकांना थाळी वाचल्याचा आनंद जास्त. पिंप ठेवलं अंगणात, कारण त्यातून हायड्रोजनचे बुडबुडे येतात आणि दादांना बिडी लागते.

सकाळी पाण्यावर तपकिरी साय होती. सुतारभाऊंनी वाकस बाहेर काढला, तारेच्या ब्रशने घासला, आणि लाल पापुद्रा जाऊन खालून काळसर लोखंड आणि त्यावर कोणा लोहाराने ठोकलेली तीन ठिपक्यांची खूण वर आली. लगेच पुसून, उन्हात कोरडं करून तेल. कुठलं तेल यावर अर्थात वाद झाला. खोबरेल घरचं, पण ते थंडीत गोठतं आणि मागाहून खवट होतं. शेवटी शिलाई मशिनचं तेल जिंकलं, तेही केवळ खोबरेल पुरात गेलं होतं म्हणून.

गावोगावच्या पूरग्रस्त घरांतून हत्यारं यायला लागली ती तेव्हापासून. पहिली खेप आम्ही फुकट केली. नंतर लोक आपणहून दर विचारू लागले. आता पिंपं तीन आहेत, दगड दोन, एक मदतनीस, आणि मुठींसाठी खैर व सागाचे वाळवलेले तुकडे माळ्यावर. खिळे-बिजागऱ्या अजून विकतो, पण त्या फळ्या आता मागच्या भिंतीला गेल्यात.

सध्या बाणकोट खाडीकडच्या होड्या बांधणाऱ्या एका कुटुंबाचे जुने वाकस आणि पटाशांचा गठ्ठा आमच्याकडे आलाय. सुतारभाऊंना ते लगेच धारेला हवेत, सरांना आधी खुणा वहीत उतरवायच्यात, पोरग्याला फोटो काढायचेत, आणि दादांच्या मते त्यातली एक पटाशी मुळात संगिनीचं टोक कापून केलेली आहे. दादांनी त्यावर पैज लावलीय. सरांनी भिंग पुसून ठेवलंय. गठ्ठ्याच्या मालकाला मी गुरुवारचा वायदा दिलाय आणि यांना सांगितलंय, बुधवारपर्यंत काय ते भांडून घ्या.