गणपती बसले त्या दिवशी

२०२३ साली गणपती १९ सप्टेंबरला, मंगळवारी बसले. आर्मेनियाच्या राजधानीत, येरेवानमध्ये मेडिकल शिकणारी आम्ही सात-आठ मराठी मुलं-मुली माझ्या खोलीवर जमलो होतो. वीतभर शाडूची मूर्ती मी सुट्टीवरून येताना कपड्यांत गुंडाळून आणलेली. दुर्वा मिळाल्या नाहीत, मोदकाच्या सारणात खोबऱ्याऐवजी अक्रोड कुटून घातले. आरती झाली, प्रसाद झाला आणि ताटलीत चार मोदक घेऊन मी खाली घरमालकिणीकडे गेले. त्यांना सगळे तातिक म्हणतात. आर्मेनियन भाषेत तातिक म्हणजे आजी.

तातिक स्वयंपाकघरात फोन कानाला लावून उभ्या होत्या. पलीकडून कुणी बोलत नव्हतं, नुसता सायरन ऐकू येत होता. फोन काराबाखच्या राजधानीतून, स्तेपानाकेर्तहून, त्यांच्या धाकट्या बहिणीचा. दुपारी एकच्या सुमाराला अझरबैजानने काराबाखवर तोफा आणि ड्रोन सोडले होते. ताटली माझ्या हातातच राहिली.

त्याआधीचे नऊ महिने मी याच स्वयंपाकघरात बसून ऐकले होते. बातम्यांमध्ये हे सगळं 'चोवीस तासांची कारवाई' म्हणून येऊन गेलं. मला ते वर्षभराचं वाटतं, म्हणून लिहिते आहे.

काराबाख, तिथल्या आर्मेनियन माणसांच्या तोंडी अर्त्साख, जगाच्या नकाशावर अझरबैजानचा भाग. आर्मेनियानेसुद्धा त्याला वेगळा देश म्हणून कधी मान्यता दिली नाही. तरी सोव्हिएत संघ मोडल्यापासून तीस वर्षं तिथे स्वतःचा अध्यक्ष, विधिमंडळ, पोलीस, शाळा असा कारभार चालू होता. २०२० च्या ४४ दिवसांच्या युद्धात बराच मुलूख गेला. उरलेल्याला आर्मेनियाशी जोडणारा एकच रस्ता राहिला, लाचिनचा. तो राखायला रशियाचे १,९६० शांतिसैनिक. तिथल्या सरकारच्या हिशेबाने एक लाख वीस हजार माणसं त्या एका रस्त्याच्या भरवशावर होती.

१२ डिसेंबर २०२२ ला शुशी शहराजवळ त्या रस्त्यावर अझरबैजानचे लोक येऊन बसले. आम्ही पर्यावरणवादी आहोत, खाणींचा निषेध करतोय, असं त्यांचं म्हणणं. शांतिसैनिक शेजारी उभे. तातिक म्हणाल्या, नाताळापर्यंत उठतील. उठले नाहीत. जानेवारीत आर्मेनियाहून जाणारी विजेची लाईन बंद पडली आणि दिवसाचे सहा-सहा तास अंधार सुरू झाला. सरसांग धरणाच्या पाण्यावर होईल तेवढीच वीज, गॅस कधी चालू कधी बंद. तांदूळ, साखर, तेल कुपनावर, त्याला ते तालोन म्हणतात. २२ फेब्रुवारीला आंतरराष्ट्रीय न्यायालयाने लाचिनवरची ये-जा सुरळीत करा असा आदेश दिला. त्या दिवशी तातिकनी मला बोलावून कॉफी पाजली होती. रस्ता मात्र उघडला नाही. २३ एप्रिलला हकारी नदीच्या पुलावर अझरबैजानने आपला नाकाच बसवला, आणि १५ जूननंतर मदतीची गाडीही आत जाईना.

तातिकच्या या बहिणीला मी पहिल्यापासून मावशीच म्हणत आले. मावशी रोज रात्री वीज असेल त्या वेळात फोन करायच्या. त्यांचं बोलणं खाण्यापाशीच येऊन थांबायचं: आज काकडी मिळाली, साबण संपला, दुकानाच्या फळ्या पुसून ठेवल्यात. शेवटी शेवटी पावाचं रेशन माणशी दिवसाला २०० ग्रॅमवर आलं. तो आकडा ऐकल्यावर तातिकनी वजनकाटा काढला, ताज्या मात्नाकाशचा, म्हणजे आर्मेनियन पावाचा, एक तुकडा तोडून त्यावर ठेवला, मग थोडा कमी केला. २०० ग्रॅम. माझ्या पसरलेल्या पंज्याएवढा पाव. तो तुकडा त्या दिवशी आमच्यापैकी कुणी खाल्ला नाही. जुलैच्या अखेरीपासून आर्मेनियाने पाठवलेले ३६१ टन मदतीचे ट्रक कोर्निझोरला सीमेवर उभे होते. पीठ, साखर, औषधं, लहान मुलांची दूध पावडर. मावशींच्या घरापासून शंभर किलोमीटरच्या आत.

राजकारणही याच सुमाराला घसरत गेलं. पंतप्रधान निकोल पाशिन्यान मे महिन्यात म्हणाले होते की तिथल्या लोकांच्या सुरक्षेची हमी मिळाली तर काराबाखसकट अझरबैजानची हद्द मान्य करायला आर्मेनिया तयार आहे. तातिकनी टीव्ही बंद केला होता. १ सप्टेंबरला काराबाखचे अध्यक्ष आरायिक हारुत्युन्यान यांनी राजीनामा दिला, ९ तारखेला साम्वेल शाहरामान्यान निवडून आले. उपाशी गावात अध्यक्ष बदलून काय होणार, असं मला तेव्हा वाटलं होतं. ते तिथले शेवटचे अध्यक्ष ठरले.

हल्ला २० तारखेला दुपारी एकला थांबला. काराबाखच्या फौजेने हत्यारं खाली ठेवायचं कबूल केलं. दोन्ही बाजूंची मिळून शेकडो माणसं एका दिवसात गेली. २४ तारखेपासून रस्ता उघडला, फक्त बाहेर जाण्यासाठी. २५ ला बेर्काझोरच्या इंधन डेपोत स्फोट झाला. लोक तिथे रांगेत होते, गाडीत घालायला पेट्रोल हवं म्हणून. दीडशेहून जास्त माणसं भाजून मेली. मावशींचा मुलगा त्या रांगेतून तासभर आधी दहा लिटर घेऊन परतला होता.

एरवी दोन-अडीच तासांचा रस्ता. मावशींना आर्मेनियातल्या गोरिसला पोचायला छत्तीस तास लागले. २८ तारखेला पहाटे त्या आमच्या दारात उभ्या राहिल्या. अंगावर कोट आणि हातात उशीचा अभ्रा, त्यात वाळवलेल्या पावाचे तुकडे. रेशनच्या पावातून रोज थोडा बाजूला काढलेला. तातिकनी टेबलावर लवाशच्या पातळ रोट्या, चीज, टोमॅटो मांडले होते. मावशींनी अभ्रा मांडीवरून खाली ठेवला नाही. त्यातलाच एक तुकडा काढून चहात बुडवला.

त्याच दिवशी अनंत चतुर्दशी होती. आणि त्याच दिवशी शाहरामान्यान यांच्या सहीचा हुकूम आला की १ जानेवारी २०२४ पासून काराबाखचं प्रजासत्ताक अस्तित्वात राहणार नाही. संध्याकाळी आम्ही अंगणात बादलीत विसर्जन केलं. आवाज ऐकून मावशी बाहेर आल्या आणि तुम्ही काय म्हणताय म्हणून विचारलं. मी आर्मेनियनमध्ये सांगितलं, पुढच्या वर्षी लवकर या असं म्हणतो. त्या बराच वेळ बादलीकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, पुन्हा म्हण. मी म्हटलं.

दोन दिवसांनी, ३० सप्टेंबरला आईचा फोन आला. आमचा औसा तालुका. किल्लारीच्या भूकंपाला त्या दिवशी तीस वर्षं झाली होती, तोही विसर्जनानंतरच्या पहाटेच झाला होता. आईने मावशींना व्हिडिओवर नमस्कार केला आणि मला म्हणाली, त्यांना भरपूर बोलू दे, मध्ये अडवू नको. आम्हाला तेव्हा कुणी बोलू दिलं नाही. किल्लारीची माणसं निदान दरवर्षी ३० सप्टेंबरला जुन्या गावी स्मृतिस्तंभापाशी जाऊन हात जोडतात. मावशींना तेही नाही.

एक लाखाहून जास्त माणसं आठवडाभरात निघून गेली, जवळजवळ सगळीच. यात अझरबैजानच्या माणसांचं दुःख विसरून चालणार नाही. नव्वदच्या दशकातल्या युद्धात लाखो अझेरी असेच घरं सोडून पळाले, अग्दाम शहर तर भिंतींपुरतं उरलं. मावशींनीच सांगितलं, शाळेत माझ्या बाकावर एक अझेरी मुलगी बसायची, तिचं पुढे काय झालं कळलं नाही. पण एका अन्यायाची भरपाई म्हणून दुसरं शहर रिकामं करायचं, हे मला कुणीही समजावून सांगितलं तरी पटणार नाही.

नंतरचं थोडक्यात. आर्मेनिया सरकारने माणशी एक लाख द्राम दिले, मग काही महिने घरभाड्याला आणि वीज-पाण्याला मिळून पन्नास हजार. मावशींच्या पासपोर्टवर ०७० असा कोड आहे, काराबाखवाल्यांचा. पासपोर्ट आर्मेनियाचा, पण नागरिक नाही, तात्पुरता आश्रय, असं त्यांना खिडकीवर सांगितलं गेलं. अर्ज भरायला मी सोबत गेले होते. 'कायमचा पत्ता' या रकान्यापाशी त्यांनी पेन माझ्याकडे दिलं.

गेल्या एप्रिलमध्ये त्यांनी झिंग्यालोव हात्स केलं. पुरणपोळीसारखीच कणीक, आत पुरणाऐवजी बारीक चिरलेल्या रानभाज्या, आणि कडेने चिमटून बंद केलेली लांबट पोळी, कोरड्या तव्यावर भाजलेली. वसंतात काराबाखच्या डोंगरावर त्यासाठी पंधरा-वीस प्रकारच्या भाज्या खुडतात. मावशी आता येरेवानजवळ मासिसला भाड्याने राहतात, तिथल्या पाटाच्या कडेने सकाळभर फिरून त्यांनी अकरा गोळा केल्या. न मिळालेल्यांची नावं त्या एकेक सांगत गेल्या, तव्यावरची पोळी उलटता उलटता. त्यातली दोन तातिकनाही आठवेनात, लग्न होऊन येरेवानला येऊन त्यांना पन्नास वर्षं झाली. मी वही काढली आणि मावशी म्हणतील तशी ती देवनागरीत लिहून घेतली.