दुपारी मान टाकणारी मिरची

भुसावळात मे महिन्यात भर दुपारी गच्चीवर कोण जातं? जिच्या कुंड्या नव्या आहेत ती. पारा ४५ च्या घरात, स्लॅबचा चटका चपलेतून लागतोय आणि रंगाच्या रिकाम्या डब्यातली माझी मिरची मान टाकून उभी. धावत खाली गेले, तांब्यावर तांबे ओतले. संध्याकाळी मिरची ताठ! वाटलं, वाचवली बाई. दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा तेच.

आठ-दहा दिवसांत खालची पानं पिवळी पडायला लागली. म्हणून मी पाणी आणखी वाढवलं.

सासूबाई अमळनेरकडच्या, कापसाच्या शेतात वाढलेल्या. गुडघे धरत वर आल्या, डब्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "पानी टाकी टाकी बुडाई टाकशी तिले." मग सरळ मातीत बोट खुपसलं. वर भेगाळलेली पापडी, दोन पेरं खाली चिखल, आंबूस वासाचा.

माती माहेरच्या शेतातली, काळीभोर, पोतंभर मिरवत आणलेली. शेतात तिला खोली असते. डब्यात मात्र ती भिजली की फुगते, वाळली की आकसते आणि कडेनं फट सोडते. वरून घातलेलं पाणी त्या फटीतून थेट बुडाशी, आणि बुडाला भोक एकच, तेही खिळ्याचं. मुळं गुदमरत होती. पान तहानेनंही पिवळं पडतं आणि बुडाल्यानंही. त्याच्याकडे शब्दच एक, त्याला तरी काय बोल लावायचा?

दुपारचं मान टाकणं तर आजारच नव्हता. पानांतून जितकं पाणी उडतं तितकं मुळांना तेवढ्या वेळात वर चढवता येत नाही, म्हणून पानं लोंबतात. सासूबाईही बारा ते चार आडव्या असतात. त्यांना कुणी उठवून पाणी पाजत नाही.

तापलेल्या सळईनं भोकं वाढवली, मातीत वाळू आणि शेणखत मिसळलं, डब्याला पांढरा चुना फासला. टोमॅटोची फुलं मात्र गळतच राहिली. एवढ्या उन्हात फळ धरायचं नाही, हे त्याचं ठरलेलं. आणि भरताचं वांगं? जळगावच्या भरीत वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, माझ्या बादलीतल्या रोपानं अख्ख्या हंगामात एकच वांगं दिलं. पोपटी, मुठीएवढं. भाजल्यावर चमचाभर गर निघाला. कळण्याच्या भाकरीवर तो सगळ्यांना बोट-बोट वाटला.

परवा दुपारी मिरचीनं पुन्हा मान टाकली. बोट घालून पाहिलं, आत ओल होती. खाली आले आणि कूलरसमोर सासूबाईंच्या शेजारी लवंडले.