गार्डन लाइटचे जॉइंट आणि दर पावसात पडणारी आरसीसीबी : माझा अनुभव

नेरूळला आमच्या सोसायटीच्या गार्डनमधे खांबावरचे लाइट आहेत, सरळ २३० व्होल्टवर, आणि जोराची सर आली की आरसीसीबी (करंट कुठे जमिनीत गळायला लागला की लाइन तोडणारा स्विच) पडायची, म्हणजे ट्रिप व्हायची. ३० मिलिअँपिअरची आहे, तेवढं लीकेज झालं की ती पडणारच, त्यासाठीच बसवलीय. सेक्रेटरी काकांचं म्हणणं की ती काढा आणि साधी एमसीबी (जी ओव्हरलोड किंवा शॉर्ट सर्किटलाच पडते, लीकेजला नाही) लावा, कटकट नको. मी म्हटलं काका, तिथे ओल्या गवतात पोरं अनवाणी खेळतात, हे अजिबात करायचं नाही, आधी जॉइंट खोलून बघू.

मेन बंद करून वायरमन दादांनी खोलायला घेतलं तर सगळीकडे तेच, पीळ मारलेला आणि वर काळी टेप. उन्हाने टेपचा गोंद वितळून नुसता चिकट राडा झालेला. पण खरी गोष्ट पुढे होती, वायर अजून सोलली तर आत चांगलं वीतभर मागेपर्यंत तांबं काळं-हिरवं पडलेलं, कारण बारीक तारांच्या मधल्या फटीतून पाणी वातीत तेल चढावं तसं आत सरकत जातं. त्यात आपल्याकडे खाडीची हवा. त्यामुळे चकचकीत तांबं लागेपर्यंत वायर कापत मागे जावं लागलं, मग ती कमी पडली आणि नवीन तुकडे जोडावे लागले, म्हणजे जॉइंट अजून वाढले 😅

दादा म्हणाले वरून सिलिकॉन भरून टाकू. दुकानात मिळणारं आंबूस वासाचं सिलिकॉन सुकताना अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड सोडतं आणि ते तांबं खातं, वायरीवर ते नकोच, लावायचंच तर न्यूट्रल क्युअरवालं, जे सुकताना हे अ‍ॅसिड सोडत नाही. मी आतून गोंद असलेली हीट श्रिंक (गरम केली की आवळणारी स्लीव्ह, म्हणजे नळी) आणली, ३:१ वाली, म्हणजे एक तृतीयांशापर्यंत आवळणारी. साधी, बिनगोंदाची स्लीव्ह दिसायला तशीच असते, पण ती फक्त आवळते, पाणी अडवत नाही, दुकानदाराला स्पष्ट सांगून घ्या.

पद्धत अशी केली की फेज, न्यूट्रल, अर्थ तिन्हींचे जोड एकाच जागी न ठेवता पुढेमागे घेतले, म्हणजे एका ठिकाणी गठ्ठा होत नाही आणि चुकून एकमेकांना टेकायची भीती नाही. स्लीव्ह आधी वायरीत ओवायच्या (जोड झाल्यावर आठवलं तर परत तोडा!), मग बट कनेक्टर (दोन वायरींची टोकं समोरासमोर घालून जोडायची धातूची नळी) रॅचेटच्या क्रिंपिंग टूलने दाबायचा, पकडीने नाही, आणि जोरात ओढून बघायचा. प्रत्येक कोअरवर (केबलच्या आतल्या एकेका वायरीवर) छोटी स्लीव्ह, आणि सगळ्यावर एक मोठी जी दोन्ही बाजूंना केबलच्या बाहेरच्या जाड कव्हरवर चांगली चढली पाहिजे. ते कव्हर आधी बारीक पॉलिश पेपरने घासून आयसोप्रोपिलने पुसलं. हीट गन स्लीव्हच्या मध्यापासून सुरू करून टोकांकडे न्यायची म्हणजे आत हवा अडकत नाही, आणि दोन्ही टोकांना गोंदाची कड गोल बाहेर आलेली दिसली की झालं. लायटरने करू नका, एकीकडे जळतं आणि दुसरीकडे गोंद वितळतच नाही.

खांबातल्या बॉक्सला आयपी६७ (धूळ-पाणी आत न जाण्याचं रेटिंग) लिहिलेलं होतं पण एका ग्लँडमधून (वायर आत घ्यायच्या भोकाला बसवलेलं सील) दोन वायरी घुसवलेल्या, मग त्या आकड्याला अर्थ काय राहिला, दोन गोल वायरींच्या मधे फट राहणारच. एका ग्लँडला एकच गोल केबल केली आणि वायर खालून आत घेतली.

शेवटी सगळी फिटिंग सोडवून (एलईडीचे ड्रायव्हर उडू शकतात म्हणून) ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशन तपासायचं मीटर, आकडा जितका जास्त तितकं चांगलं) वायर ते अर्थ टेस्ट केली. आधी अर्धा मेगओहमसुद्धा मिळत नव्हता, आता काटा पार वर. जुलैच्या धुवाधार पावसात एकदा ट्रिप झाली तेव्हा काका लगेच फोनवर, पण जॉइंट ठणठणीत होते, एका फिटिंगचं गॅस्केट फाटून आत पाणी गेलेलं. ते बदललं.