तुम्ही विचारलंत म्हणून: सोलरच्या सॉफ्टवेअरने काढलेला विजेचा आकडा धरून चालायचं का?

"मॅडम, रिपोर्टमध्ये एका किलोवॉटमागे वर्षाला १५६० युनिट दिसताहेत. एवढी मिळतील ना?" सोसायटीचे सेक्रेटरी हे विचारतात, कारखान्याचे मालक विचारतात. आमच्या धंद्यात नव्याने आलेली मुलं तेच वेगळ्या शब्दांत विचारतात: "रन झाला (म्हणजे सॉफ्टवेअरने वर्षभराच्या विजेचा हिशेब पूर्ण केला), एकही एरर नाही. पाठवू का?"

मी पुण्यात सोलर प्रकल्पांच्या डिझाइनचं काम करते, त्यामुळे हा प्रश्न माझ्याकडे सारखा येतो. माझं उत्तर ऐकून बऱ्याच जणांचा हिरमोड होतो. एरर आली असेल तर मला फारशी काळजी वाटत नाही. रन सुरळीत झाला आणि आकडाही पटण्यासारखा आला, की मात्र मी फाइल उघडून बसते.

हे सॉफ्टवेअर करतं काय, ते आधी सांगते. आपण दिलेल्या हवामानाच्या फाइलमधले वर्षाचे ८७६० तास ते एकेक करून घेतं. त्या तासाला सूर्य कुठे होता, सपाट जमिनीवर किती ऊन पडलं, त्यातलं तिरप्या पॅनलवर किती आलं, पॅनल किती तापलं, सावली कुठे पडली, तारांत आणि पॅनलची वीज वापरण्याजोगी करणाऱ्या इन्व्हर्टरमध्ये किती गेलं, असं वजा करत करत ते मीटरपर्यंत पोहोचतं. बँकेला द्यायच्या रिपोर्टसाठी आपल्याकडे बहुतेक जण पीव्हीसिस्ट वापरतात. त्याचा जन्म जिनिव्हा विद्यापीठातला. अमेरिकेतल्या राष्ट्रीय प्रयोगशाळेचं सॅम फुकट मिळतं आणि चांगलं आहे. युरोपियन कमिशनचं पीव्हीजीआयएस तर ब्राउझरमध्ये उघडतं. गणित तिन्हींचं भक्कम आहे. गडबड होते ती आपण त्यांच्या हातात काय देतो तिथे.

लाल अक्षरांतल्या एररींचं लवकर उरकते, कारण ती स्वतःच सांगतात काय बिघडलंय. पीव्हीसिस्टमध्ये नवशिक्यांना हमखास भेटणाऱ्या एररी दोनच. एक म्हणजे त्रिमितीय चित्रात पॅनलचा कोन एक आणि ओरिएंटेशनच्या (पॅनलची दिशा आणि उतार भरायच्या) पानावर दुसरा. दुसरी म्हणजे चित्रात काढलेली जागा सिस्टिममधल्या पॅनलांना पुरत नाही. दोन्ही वेळा जागेवर प्रत्यक्ष काय होणार आहे ते बघायचं आणि चुकलेली बाजू दुरुस्त करायची. एरर घालवायची म्हणून जवळचा आकडा बदलायचा नाही. चित्रात काही हलवलं की सावलीचा तक्ता पुन्हा काढायला लावायचा. इतकंच.

स्ट्रिंगच्या, म्हणजे एकामागे एक जोडलेल्या पॅनलांच्या माळेच्या, व्होल्टेजची लाल सूचना मात्र थोडी थांबून वाचावी. पॅनल जितकं थंड, तितकं त्याचं व्होल्टेज जास्त. म्हणून सॉफ्टवेअर सर्वांत थंड दिवस गृहीत धरून स्ट्रिंग इन्व्हर्टरच्या मर्यादेत बसते का ते बघतं. पीव्हीसिस्टमध्ये हे तापमान मुळात उणे १० अंश असतं. युरोपात ठीक आहे, पण पुण्यात उणे १०? समजा पॅनलचं ओपन सर्किट व्होल्टेज (काही जोडलेलं नसतानाचं) २५ अंशांना ४९.५ आहे, ते अंशामागे ०.२७ टक्के बदलतं आणि इन्व्हर्टरची मर्यादा १००० व्होल्ट आहे. उणे १० ला एक पॅनल ५४.२ व्होल्टवर जातं, म्हणजे स्ट्रिंगमध्ये १८ पॅनल बसतात. तापमान ५ अंश धरलं तर ते ५२.२ होतं आणि १९ बसतात. शंभर स्ट्रिंगच्या प्रकल्पात या एका पॅनलमुळे केबलचा आणि जोडणीचा हिशेब बदलतो. पुण्यात ५ धरावं की त्याहून खाली, हे ज्याने त्याने जुन्या नोंदी बघून ठरवावं. डिफॉल्ट तसाच ठेवणं म्हणजे तो निर्णय जिनिव्हावर सोडणं.

आता न दिसणाऱ्या चुका. यातली माझी लाडकी म्हणजे दिशेची. पीव्हीसिस्ट आणि पीव्हीजीआयएसमध्ये दक्षिण म्हणजे ०, पूर्व उणे ९० आणि पश्चिम अधिक ९०. सॅम आणि त्याच प्रयोगशाळेच्या पीव्हीवॉट्समध्ये मोजणी उत्तरेपासून, म्हणजे दक्षिण १८०. एकातला प्रकल्प दुसऱ्यात ताडून बघताना कुणी ० तसाच टाकला की अख्खा प्रकल्प उत्तरेला तोंड करून उभा राहतो, आणि सॉफ्टवेअर चूं करत नाही. करेल तरी का? उत्तरेकडे पॅनल लावणं हा गुन्हा नाही.

जर्मनीत अशी चूक केली तर आकडा एवढा कोसळेल की बघणारा खुर्चीतून उठेल. आपलं तसं नाही. पुण्याचा अक्षांश साडेअठरा. मेच्या मध्यापासून जुलैच्या शेवटापर्यंत दुपारचा सूर्य आपल्या डोक्याच्या उत्तरेलाच असतो. १५ अंश तिरप्या पॅनलचं तोंड फिरलं तरी नुकसान दहा-पंधरा टक्क्यांच्या आसपास राहतं, आणि तेवढा फरक "हवामानाची फाइल वेगळी असेल" म्हणून खपून जातो. विषुववृत्ताच्या जवळ असण्याचा हा तोटा कुठल्याही मॅन्युअलमध्ये लिहिलेला नसतो.

ही दिशेची चूक पकडायला मी डिसेंबर बघते. मासिक तक्त्यात सपाट जमिनीवरचं ऊन एका रकान्यात असतं आणि पॅनलच्या पृष्ठभागावरचं दुसऱ्या. दक्षिणेला तोंड असेल तर डिसेंबरात दुसरा आकडा पहिल्यापेक्षा ठळकपणे मोठा हवा. तो लहान असेल तर पुढचं काही वाचू नका.

दुसरी चूक घड्याळाची. आपली वेळ ग्रीनिचच्या साडेपाच तास पुढे; त्या अर्ध्या तासाने भल्याभल्यांना चकवलंय. पीव्हीजीआयएसमधून तासातासाचे आकडे उतरवले तर ते ग्रीनिचच्या वेळेत येतात. ते कुणी भारतीय वेळ समजून घातले तर दिवसच सकाळकडे सरकतो, आणि ते निदान आलेखात दिसतं तरी. अर्ध्या तासाची घसरण डोळ्यांना दिसत नाही. कुणी ५.५ ऐवजी ५ टाकलेले असतात, किंवा मोजणीयंत्राने दिलेली वेळ तासाच्या सुरुवातीची की शेवटची, हे विचारलेलंच नसतं.

इथे थोडा भूगोल कामाला येतो. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ रेखांशाची, पुणे ७३.८५ वर. अंशाला चार मिनिटं धरली तर पुण्याचा सूर्य घड्याळाच्या सुमारे ३५ मिनिटं मागे चालतो. म्हणजे खरी मध्यान्ह बाराला होत नाही, साडेबाराच्या पुढेमागे होते. वर्षभरात ती पाव तासाने इकडेतिकडे सरकते. फाइलमधला एखादा निरभ्र दिवस उघडून उन्हाचं शिखर कुठे आहे बघा. बरोबर बाराला आलं तर वेळ चुकलीय, किंवा फाइल दुसऱ्याच गावची आहे. पूर्व-पश्चिम अशा दोन उतारांच्या पत्र्यावर ही घसरण आणखी नडते, कारण एका बाजूला नसलेली वीज मिळते आणि दुसरीची असलेली जाते. बेरीज जवळपास तीच राहते, म्हणून कुणाला संशयही येत नाही.

हवामानाच्या फाइलवरून तर भांडणं होतात. एकाच जागेसाठी दोन स्रोतांच्या उन्हात काही टक्क्यांचा फरक सहज पडतो आणि विक्रेता अर्थातच मोठा आकडा उचलतो. सह्याद्रीच्या जवळ याहून जास्त जपायला हवं. नासाच्या फुकट माहितीत उन्हाचा एक चौकोन साधारण शंभर किलोमीटरचा असतो. त्यात महाबळेश्वर आणि वाई दोन्ही बसतात! एकीकडे वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, घाट उतरलं की पर्जन्यछाया. दोन्हींची सरासरी ज्या गावाला लागू पडेल असं गाव नकाशावर नाही. घाटाच्या अल्याडपल्याड काम असेल तर बारीक जाळीचा, उपग्रहावर आधारलेला स्रोत घ्या. निदान दोन स्रोत शेजारी ठेवून जून ते सप्टेंबर हे चार महिने ताडून बघा.

मग तापमान. पॅनलवर छापलेले वॉट हे त्यातला सेल (वीज तयार करणारा तुकडा) २५ अंशांवर असतानाचे असतात. आपल्या दुपारी सेल ६० च्या घरात जातो. पीव्हीसिस्टमध्ये यासाठी एक उष्णता-गुणांक असतो, म्हणजे पॅनल हवेला उष्णता किती सहज देतं त्याचा आकडा: चारी बाजूंनी वारा लागणाऱ्या पॅनलला २९, मागची हवा अर्धवट कोंडलेली असेल तर २०, पाठ पूर्ण झाकलेली असेल तर १५. भर उन्हात २९ ला सेल हवेपेक्षा साधारण २५ अंशांनी तापतो, २० ला ३६ अंशांनी. प्रत्येक अंशामागे ०.३५ टक्के जातात असं धरलं तर त्या तासाला जवळपास चार टक्क्यांचा फरक पडतो. भोसरी-चाकणच्या पत्र्याच्या शेडवर पॅनल पत्र्याला चिकटून बसवलेले असतात, आणि रिपोर्टमध्ये बिनधास्त २९. मी तो आकडा पहिल्या पाच मिनिटांत शोधते.

सावलीबद्दल एकच सांगते, कारण बाकीचं सगळ्यांना माहीत असतं. "टाकी उत्तरेला आहे, तिची सावली कशी पडेल?" असं म्हणून टाकी चित्रातून वगळतात. पण मार्चच्या विषुवदिनापासून सप्टेंबरच्या विषुवदिनापर्यंत सूर्य पूर्वेच्या उत्तरेला उगवतो आणि पश्चिमेच्या उत्तरेला मावळतो. त्या सहा महिन्यांत सकाळ-संध्याकाळ उत्तरेची टाकीही पॅनलवर येते. आणि सावलीचा हिशेब नुसत्या क्षेत्रफळाने न करता स्ट्रिंगच्या जोडणीप्रमाणे करायला सांगा. पॅनलचा कोपरा झाकला तरी नुकसान कोपऱ्याएवढंच होतं असं नाही.

आता जे कुठल्याच रकान्यात आपसूक येत नाही ते. लाइट गेली की ग्रिडला, म्हणजे वीज कंपनीच्या जाळ्याला, जोडलेला इन्व्हर्टर बंद पडतो. तारांवर काम करणाऱ्या माणसाच्या जिवासाठी ते तसं असतंच. पण म्हणजे लाइट नसलेला भर दुपारचा तास तुमच्या उत्पादनातून वजा. पुण्यात देखभालीसाठीचा वीजबंद परंपरेने गुरुवारी, आणि तोही दिवसाउजेडी. खेड्यातल्या फीडरवर (गावाला वीज पुरवणाऱ्या लाइनवर) दुपारी व्होल्टेज वर चढतं आणि इन्व्हर्टर आपणहून बाजूला होतो, हे आणखी वेगळं. सॉफ्टवेअरला यातलं काही माहीत नसतं. त्यात अनुपलब्धतेचा एक आकडा असतो, तो तुम्हीच भरायचा. मी ग्राहकाला सरळ विचारते: गेल्या वर्षी दिवसा किती वेळा लाइट गेली? कारखान्यात ही नोंद असते, जनरेटरच्या डिझेलच्या वहीत.

धुळीचंही तसंच. वर्षभर सरसकट तीन टक्के लिहून मोकळे होतात. पावसाळ्यात पॅनल धुऊन निघतात आणि ऊसतोडणीच्या महिन्यांत शेजारच्या फडातली जळकी पाचट उडून येते. महिन्यावारी आकडे भरायची सोय असताना ती न वापरणं हा निव्वळ आळस आहे.

तर १५६० मिळतील का? आपल्याकडचा ढोबळ हिशेब किलोवॉटमागे दिवसाला ४ युनिट, म्हणजे वर्षाला १४६०. स्थिर पॅनलांसाठी १४०० ते १६०० च्या दरम्यानचा आकडा मला खटकत नाही. १७०० च्या वर गेला की मी लॉस डायग्राम (कुठे किती वीज गेली ते दाखवणारं चित्र) मागते आणि कुठला तोटा शून्यावर बसवलाय ते शोधते. बहुतेकदा एकाहून जास्त सापडतात. शिवाय रिपोर्टमधला मुख्य आकडा असतो मधला: निम्मी वर्षं त्याच्या वर, निम्मी खाली. मधला आकडा १५०० असेल आणि एकूण अनिश्चितता ६ टक्के असेल, तर दहापैकी नऊ वर्षं जो ओलांडला जाईल असा आकडा १३८५ च्या आसपास येतो. कर्जाचा हप्ता त्यावर बसवा. विक्रेते तो पानाच्या तळाशी बारीक अक्षरात छापतात किंवा छापतच नाहीत.

पहिल्या वर्षानंतर फोन येतो, "मॅडम, सात टक्के कमी आले." लगेच सॉफ्टवेअरला किंवा पॅनलला दोष देऊ नका. त्या वर्षी ऊनच किती पडलं ते आधी बघायचं. प्रकल्पावर ऊन मोजणारं यंत्र, म्हणजे पायरॅनोमीटर, असेल तर उत्तम, नसेल तर उपग्रहाच्या नोंदी. ऊन पाच टक्के कमी असेल तर शोधायचे दोनच टक्के उरतात. ते शोधताना वर्षाची बेरीज उपयोगाची नाही, महिने शेजारी शेजारी मांडा. फक्त मार्च-एप्रिल-मे घसरले असतील तर उष्णता किंवा धूळ. बाराही महिने सारखेच खाली असतील तर एखादी स्ट्रिंग जोडलेलीच नसेल. फक्त सकाळ पडली असेल तर शेजारी नवी इमारत उभी राहिली का, ते गच्चीवर जाऊन बघा.

ज्यांना घरावर ३ किलोवॉट बसवायचंय आणि ७८,००० रुपयांच्या केंद्र सरकारच्या अनुदानापुरताच या विषयाशी संबंध आहे, त्यांनी यातलं काही विकत घ्यायची गरज नाही. पीव्हीजीआयएस उघडा, नकाशावर आपलं घर शोधा, उतार ३५ अंश लिहिलेला दिसेल तो खोडून तुमच्या स्टँडचा खरा उतार टाका. तोटा १४ टक्के धरलेला असतो, तो राहू द्या. जो आकडा येईल तो विक्रेत्याच्या आकड्याशेजारी ठेवा. त्याचा बराच मोठा असेल तर त्याला तीनच गोष्टी विचारा: हवामानाची फाइल कुठली, उष्णता-गुणांक किती आणि दिवसा लाइट जाण्याचे तास कुठे धरलेत. तिन्हींची उत्तरं त्याच्या फाइलमध्येच असतात, फाइल त्याने स्वतः केली असेल तर त्याला ती द्यायला वेळ लागत नाही.