मॅडम, यात रिअ‍ॅक्टर कुठंय?

परवा केमिकल इंजिनिअरिंगच्या थर्ड इयरला मिथाइल अ‍ॅसिटेटचं फ्लोशीट, म्हणजे ते बनवायच्या प्लांटचा आराखडा, काढायला दिलं. अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड आणि मिथेनॉल घ्या, त्यांचं एस्टर, म्हणजे मिथाइल अ‍ॅसिटेट, बनवा आणि शुद्ध करून द्या, बास एवढंच. रिअ‍ॅक्टर सगळ्यांनी काढला, पण रिअ‍ॅक्शन इक्विलिब्रियमला अडकते (उलटी रिअ‍ॅक्शनही तेवढीच चालते, पुढे सरकत नाही) म्हणजे कच्चा माल उरणार, तो वेगळा करायला डिस्टिलेशनचा कॉलम, मग मिथाइल अ‍ॅसिटेटचा मिथेनॉलबरोबर अझिओट्रोप (साध्या डिस्टिलेशनने न फुटणारं मिश्रण), रिअ‍ॅक्शनमधून निघणाऱ्या पाण्याबरोबर पण अझिओट्रोप, ते फोडायला अजून कॉलम... फळा भरला. आणि पोरांचं काही चुकलं नव्हतं, जुना प्लांट खरंच असाच असायचा, रिअ‍ॅक्टर आणि त्यामागे आठ-नऊ कॉलम.

मग मी सगळं पुसलं आणि एकच उंच कॉलम काढला. अमेरिकेत टेनेसीमधल्या किंग्जपोर्टला ईस्टमन कंपनीने १९८०च्या दशकात हेच केलं. मागच्या बाकावरून प्रश्न आला, "मॅडम, यात रिअ‍ॅक्टर कुठंय?" या प्रश्नासाठीच मी हा तास घेते!

कॉलम हाच रिअ‍ॅक्टर. अ‍ॅसिड वरून सोडायचं, मिथेनॉल खालून, मधल्या ट्रेंवर, म्हणजे कॉलममधल्या आडव्या ताटल्यांवर, दोघांची गाठ पडते. मिथाइल अ‍ॅसिटेट ५७ अंशाला उकळतं म्हणून वर निघून जातं, पाणी खाली, प्रॉडक्ट तिथे थांबतच नाही त्यामुळे इक्विलिब्रियम अडवणार कोणाला? आणि मला सगळ्यात आवडतं ते म्हणजे वरून येणारं अ‍ॅसिड जाता जाता वाफेतलं पाणी ओढून घेतं, म्हणजे जो कच्चा माल तोच अझिओट्रोप फोडतो, बाहेरून वेगळं सॉल्व्हंट आणायलाच नको.

आपण रिअ‍ॅक्शन इंजिनिअरिंगचा पेपर वेगळा ठेवतो, मास ट्रान्सफरचा (डिस्टिलेशन वगैरे त्यात येतं) वेगळा, आणि प्रोसेस इंटेन्सिफिकेशन, म्हणजे अशी कामं एकत्र करून प्लांट आटोपशीर करणं, ते फायनल इयरच्या इलेक्टिव्हमध्ये, तोवर पोरांच्या डोक्यात भिंत पक्की झालेली असते. मग हायजी, मायक्रोरिअ‍ॅक्टर, स्टॅटिक मिक्सर अशी उपकरणांची यादी पाठ करतात आणि पेपरात उतरवतात. मला ते मनापासून खटकतं. व्याख्या नंतर सांगा ना, आधी फळा भरू द्या आणि मग पुसा.

पण पुसायची सवय लागली की पोरं सगळंच एका कॉलममध्ये कोंबायला बघतात. रिअ‍ॅक्शनला तासन् तास लागत असतील तर ट्रेवर तेवढा वेळ मिळणार कसा, किंवा रिअ‍ॅक्शनला हवं ते तापमान आणि डिस्टिलेशनचं तापमान जुळतच नसेल तर काय? म्हणून पुढच्या आठवड्याचं काम उलटं दिलंय, एकत्र करू नये अशी एक रिअ‍ॅक्शन शोधून आणा, आणि का ते आकड्यांनी दाखवा.