तुम्ही विचारलेत म्हणून: टेनिस-फुटबॉलचे आडाखे व्हॉलीबॉलवर चालतात का?

गोव्यातल्या फोंड्याच्या आसपासच्या व्हॉलीबॉल स्पर्धांत मी गुणलेखक म्हणून बसतो, हे ठाऊक असलेली मंडळी मला नेहमी एकच प्रश्न विचारतात: फुटबॉल किंवा टेनिस पाहून बांधलेले आडाखे व्हॉलीबॉलवर पैज लावताना कामाला येतील का? पैशांपुरते उत्तर आधी देतो. मांडवी नदीत कॅसिनोची जहाजे उभी आहेत, तेव्हा सामन्यांवरचा सट्टाही गोव्यात कायदेशीर असणार, असे अनेकांना वाटते; पण 1976 च्या जुगारविषयक कायद्यात पुढे झालेल्या दुरुस्त्यांनी सवलत दिली ती पंचतारांकित हॉटेलांना आणि जहाजांना, सामन्यांवरच्या पैजांना नव्हे. शिवाय पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेने ऑगस्ट 2025 मध्ये मंजूर केला. मी पैज लावत नाही आणि कोणी लावावी असेही मला वाटत नाही. मात्र प्रश्नातला अंदाजाचा भाग मला फार जवळचा आहे, आणि त्यावर माझे मत असे आहे की दुसऱ्या खेळातली विचार करण्याची रीत घ्यावी, तिथले आकडे घेऊ नयेत.

टेनिसचेच पाहा. वरच्या दर्जाच्या टेनिसमध्ये सर्व्हिस करणारा बहुतेक गेम जिंकतो, म्हणून प्रतिस्पर्ध्याची सर्व्हिस मोडणे, म्हणजे त्याच्या सर्व्हिसवरचा गेम जिंकणे, ही मोठी घटना ठरते. हाच समज घेऊन व्हॉलीबॉल पाहणारा माणूस सर्व्हिस असलेल्या संघाचे पारडे जड मानतो आणि तिथेच फसतो. व्हॉलीबॉलमध्ये पहिला हल्ला समोरून आलेली सर्व्हिस घेणाऱ्या संघाला मिळतो: लिबेरोने (फक्त बचावासाठी असलेल्या खेळाडूने) पास नीट दिला, की सेटरसमोर, म्हणजे हल्ल्यासाठी चेंडू उचलून देणाऱ्यासमोर, तीन-चार पर्याय उघडतात आणि समोरच्या ब्लॉकला, म्हणजे नेटपाशी उडी मारून चेंडू अडवणाऱ्यांना, कुठे धावावे हे क्षणभर कळत नाही. पुरुषांच्या वरच्या दर्जाच्या सामन्यांत सर्व्हिस घेणारा संघ साधारण तीनपैकी दोन रॅली (सर्व्हिसपासून गुण मिळेपर्यंतचा खेळ) जिंकतो. त्यामुळे टेनिसमधला ‘सर्व्हिस कोण मोडतो’ हा प्रश्न इथेही विचारावा, पण उलटा करून: स्वतःच्या सर्व्हिसवर लागोपाठ दोन-तीन गुण कोण काढतो? सेट तिथे फिरतो. मी गुणपत्रिकेत आधी तेच शोधतो. नुसता एसचा (समोरच्याला परतवता न आलेल्या सर्व्हिसचा) आकडा मला फारसे काही सांगत नाही, कारण जोरकस सर्व्हिस करणारा नेटमध्येही तितक्याच सर्व्हिस घालत असतो.

आपण गोवेकर फुटबॉलवर वाढलेलो. फुटबॉलमध्ये गोल मोजके होतात, बरोबरी होते, आणि दुबळा संघ नव्वद मिनिटे बचाव करून एखादा गुण घरी नेतो. व्हॉलीबॉलच्या एका सामन्यात दीडशे-दोनशे रॅली होतात आणि बरोबरी नसते, त्यामुळे थोडासा वरचढ संघही बहुधा जिंकतोच. प्रत्येक रॅली जिंकण्याची शक्यता 55 टक्के धरली, तर 25 गुणांचा सेट तो संघ शंभरात सुमारे 76 वेळा जिंकेल. तोच सेट 15 गुणांचा केला, तर हा आकडा 71 वर येतो. प्राइम व्हॉलीबॉल लीग या भारतातल्या व्यावसायिक स्पर्धेत सेट 15 गुणांचेच असतात. 2025 मध्ये गोवा गार्डियन्स हा आपला संघ तिथे उतरल्यापासून आपल्याकडे तिचे अंदाज जोरात बांधले जातात, आणि आंतरराष्ट्रीय सामन्यांचा अनुभव तिथे जसाच्या तसा लावला जातो. तसे करू नये, कारण छोट्या सेटमध्ये दुबळ्या संघाला जागा अधिक मिळते.

एकूण गुणांची बेरीजही जपून वाचावी. एखादा संघ 25-23, 25-23, 15-25, 14-25, 15-13 असा जिंकला, तर त्याचे गुण 94 आणि हरलेल्याचे 109 होतात. नुसता ‘3-2 ने विजय’ वाचून पुढच्या सामन्याचा अंदाज बांधणाऱ्याच्या हे लक्षातही येत नाही.

बास्केटबॉलमधून आलेला एक धडा तर इथे अर्धाच लागू पडतो. लागोपाठ बास्केट करणारा खेळाडू ‘लयीत’ असतो हा भ्रम आहे, असे गिलोविच, व्हॅलोन आणि ट्व्हर्स्की या संशोधकांनी 1985 साली मांडले. त्यावर पुढे पुष्कळ वाद झाला. राब, गुला आणि गिगेरेन्झर यांनी 2012 च्या अभ्यासात पहिल्या श्रेणीच्या 26 व्हॉलीबॉलपटूंचे हल्ले तपासले, तेव्हा निम्म्यांमध्ये अशी लय खरोखर आढळली. मधल्या नेटमुळे बचाव करणाऱ्यांना त्या खेळाडूला थेट घेरता येत नाही, हे त्यामागचे कारण मला पटते. राहिलेल्या निम्म्यांमध्ये ती नव्हती, हेही विसरू नये.

भावांबद्दल थोडेच सांगतो. दोन तुल्यबळ संघांना 1.90 चा भाव असेल, म्हणजे जिंकल्यास लावलेल्या रुपयाचे 1.90 रुपये परत मिळणार असतील, तर पैसे न गमावण्यासाठीच शंभरातले सुमारे 53 अंदाज बरोबर यावे लागतात, आणि वर लिहिले ते सगळे हे भाव ठरवणाऱ्यालाही ठाऊक असते.

क्रिकेटमधला नाणेफेक-हवामानाचा विचार बंदिस्त सभागृहात निरुपयोगी ठरतो, पण मिरामारच्या वाळूवर तो जिवंत होतो. बीच व्हॉलीबॉलमध्ये दर सात गुणांनी, आणि निर्णायक सेटमध्ये दर पाच गुणांनी, बाजू बदलतात ते वारा-उन्हाचा लाभ वाटला जावा म्हणूनच. वारा तोंडावर घेऊन मारलेली सर्व्हिस अलीकडेच खाली बसते, तर पाठीवरचा वारा तोच चेंडू रेषेबाहेर नेतो. म्हणून 5-2 अशी आघाडी पाहिली, तरी दोन्ही बाजूंनी मिळून चौदा गुण होईपर्यंत मी त्यावरून कोणताही अंदाज बांधत नाही.