तुम्ही विचारलंत म्हणून: बेस लावू की कॉर्स घेऊ?

"सर, नवीन रोव्हर घेतलाय. करेक्शन कुठून घेऊ? कॉर्सचं लॉगिन पुरेल, की स्वतःचा बेसही लागेल?"

आठवड्यातून एकदा तरी हा फोन येतो. रोव्हर म्हणजे पोलवर (काठीवर) धरून बिंदू मोजायचं उपग्रहावर चालणारं यंत्र, बेस म्हणजे एका जागी तिपाईवर ठेवलेलं त्याचं जोडीदार यंत्र, कॉर्स म्हणजे सरकारच्या कायमच्या स्थानकांचं जाळं, आणि करेक्शन म्हणजे बेसकडून किंवा कॉर्सकडून रोव्हरला मिळणारी, मापातली चूक काढणारी माहिती. विचारणारा बहुतेक वेळा नुकता डिप्लोमा झालेला, कर्ज काढून यंत्र घेतलेला मुलगा असतो, म्हणून घाईघाईत काहीतरी सांगून फोन ठेववत नाही. मी उलट विचारतो, "तुझे आकडे उद्या कुणाच्या आकड्यांशी जुळायला हवेत?" पलीकडे शांतता. या एका प्रश्नाचं उत्तर मिळालं की करेक्शनचं अर्धं उत्तर मिळतं, असं माझं ठाम मत आहे. ते मत कुठून आलं तेही सांगतो.

कॉर्स हाताशी नव्हतं तेव्हाची गोष्ट. भोर तालुक्यात पाणीपुरवठ्याच्या पाइपलाइनचा सर्व्हे होता, दोन दिवसांचा. पहिल्या दिवशी सकाळी टेकाडावर खिळा ठोकून तिपाई लावली, बेस चालू केला आणि कंट्रोलरवर 'हिअर' दाबलं. म्हणजे बेसला सांगितलं, तुला आत्ता तू जिथे आहेस असं वाटतंय तेच खरं धर. दुसऱ्या दिवशी त्याच खिळ्यावर तिपाई, पुन्हा 'हिअर'. दोन्ही दिवस रोव्हर 'फिक्स्ड' म्हणत होता आणि पडद्यावर सेंटिमीटरभराची अचूकता दाखवत होता. ऑफिसात दोन्ही फाइली एकत्र उघडल्या, तर एका विहिरीच्या दोन विहिरी झालेल्या. चौकोनी, दगडी बांधणीची विहीर. पहिल्या दिवसाच्या शेवटी आणि दुसऱ्या दिवसाच्या सुरुवातीला तिचे चारही कोपरे घेतले होते. दोन्ही चौकोन आकाराने अगदी सारखे, पण एक दुसऱ्यापासून १.४ मीटर सरकलेला.

त्या रात्री मला झोप आली नाही. चूक यंत्राची नव्हती. बेसला बाहेरून कुणी काही सांगितलं नाही, तर तो स्वतःची जागा मीटर-दोन मीटरच्या फरकानेच ओळखतो. रोज नव्याने विचारलं तर रोज वेगळं उत्तर देतो. रोव्हर बेसपासूनचं अंतर बिनचूक सांगत होता, पण बेस कुठे आहे हेच मी दोनदा दोन तऱ्हांनी सांगितलं होतं. खिळा तोच होता म्हणून दुसरा दिवस अख्खा सरकवून पहिल्या दिवसाला जोडता आला. खिळा नसता तर ती चढण पुन्हा चढावी लागली असती.

'फिक्स्ड'चा अर्थ तेव्हा मला खऱ्या अर्थाने कळला. जीपीएसच्या मुख्य लहरीची लांबी जेमतेम १९ सेंटिमीटर. उपग्रहापासून आपल्यापर्यंत अशा पूर्ण लहरी किती, हा हिशेब पक्का लागला की रोव्हर 'फिक्स्ड' म्हणतो. लागला नाही तर 'फ्लोट'. उपग्रह वीस हजार किलोमीटरवर, मध्ये आयनांबर (वातावरणाचा वरचा, विद्युतभारित थर), मग ढग नि ओली हवा. या सगळ्यामुळे होणारी चूक एकमेकींच्या जवळ उभ्या असलेल्या दोन अँटेनांना जवळपास सारखीच होते. एका अँटेनाची जागा आधीच माहीत असेल तर तिथली चूक मोजता येते आणि दुसरीच्या मापातून वजा करता येते. करेक्शन म्हणतात ते एवढंच. अंतर वाढलं की हा सारखेपणा विरळ होतो. यंत्राच्या माहितीपत्रकात ८ मिमी + १ पीपीएम असं लिहिलेलं असतं, त्यातला पीपीएम म्हणजे बेसपासून दर किलोमीटरला आणखी एक मिलिमीटर. दहा किलोमीटरवर एक सेंटिमीटर झालाच.

आता कॉर्स. भारतीय सर्वेक्षण विभागाने भूमी अभिलेख खात्याच्या जोडीने महाराष्ट्रात ७७ कायमची स्थानकं उभारली. ती दिवसरात्र उपग्रह ऐकत असतात. तुम्ही मोबाइलच्या इंटरनेटवरून, एनट्रिपने (इंटरनेटवरून करेक्शन पाठवायची पद्धत), लॉगिन करून तुमची ढोबळ जागा कळवता, आणि आजूबाजूच्या स्थानकांवरून हिशेब करून तुमच्यासाठी करेक्शन येतं. तिपाई नको, बॅटरी नको, बेसजवळ राखणीला माणूस नको. पण मला त्याची खरी किंमत वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. तुमचे, माझे आणि सरकारी मोजणीचे आकडे एकाच घराण्यातले होतात. गावठाणांची ड्रोन मोजणी याच जाळ्याच्या आधाराने झाली. रस्ता, कालवा, भूसंपादन, लेआउट, जे जे पुढे सरकारी नकाशावर टाकून पाहिलं जाणार आहे, त्याला कॉर्सच घ्या. माउंट पॉइंट, म्हणजे लॉगिन केल्यावर यादीतून निवडायचा करेक्शनचा स्रोत, निवडताना मात्र एक बघा. जाळ्याचा हिशेब देणारा माउंट पॉइंट आणि एकाच स्थानकाचा माउंट पॉइंट यांत फरक आहे. ते एकटं स्थानक चाळीस किलोमीटरवर असेल तर पीपीएमचा हिशेब तुम्हीच करून बघा.

अडचण येते ती रेंजची. वेल्ह्याच्या, मुळशीच्या खोऱ्यांत उतरलात की मोबाइल मुका होतो. करेक्शनचं वय, म्हणजे शेवटचं करेक्शन किती जुनं ते, दोन सेकंदांवरून वीस, तीस होत जातं आणि मग फ्लोट. तिथे स्वतःचा बेस आणि त्याचं करेक्शन रोव्हरला पोचवणारा रेडिओ हवाच. म्हणून घाटमाथ्यावर काम करणाऱ्याला मी सांगतो, बेसचे पैसे वाया जात नाहीत. फक्त 'हिअर' दाबून तो चालू करायचा नाही. बेस खिळ्यावर लावा, तीन-चार तास स्टॅटिक डेटा (एकाच जागी स्थिर राहून केलेली उपग्रहांची नोंद) नोंदू द्या, आणि घरी आल्यावर कॉर्सच्या स्थानकांच्या डेटाशी त्याचा हिशेब लावा. खिळ्याचे खरे आकडे मिळतात. बेस तुमचा, पण वंश कॉर्सचा. मी हल्ली बहुतेक डोंगरी कामं अशीच करतो. त्याच दिवशी रोव्हर चालवला असेल तरी बिघडत नाही, सगळं काम नंतर खऱ्या आकड्यांवर सरकवता येतं. अँटेनाची उंची तेवढी वहीत नीट लिहा, तिरपी मोजली की उभी तेसुद्धा.

बेस, रेडिओ काहीच न लावता थेट उपग्रहावरून येणारी पीपीपी करेक्शनंही आहेत, विकतची आणि आता मोफतही. युरोपच्या गॅलिलिओने २०२३ च्या जानेवारीत अशी मोफत सेवा सुरू केली, तिचं लक्ष्य साधारण २० सेंटिमीटरचं. आपलं गगन, म्हणजे भारताची उपग्रहावरून करेक्शन देणारी सेवा, विमानांसाठी आहे, ते मीटरभराचं काम करतं. झाडं मोजायला, जीआयएसच्या (संगणकावरच्या नकाशाला जोडलेल्या माहितीच्या) नोंदींना ठीक, हद्दीला नाही. विकतच्या पीपीपीत थोडी वाट पाहिल्यावर काही सेंटिमीटरपर्यंत पोचता येतं, पण तिथे एक खोल खड्डा आहे. भारताचा भूखंड वर्षाला सुमारे पाच सेंटिमीटर ईशान्येकडे सरकतो. पीपीपी सहसा आजच्या तारखेची जागा सांगतं, तर कॉर्सच्या स्थानकांचे आकडे एका ठरावीक तारखेला बांधलेले असतात. दोन तारखांत पंधरा वर्षांचं अंतर असेल तर पाऊण मीटरचा फरक, आणि दोन्ही माणसं खरं बोलत असतात. हा फरक न सांगता दोन फाइली जोडल्या की पुन्हा दोन विहिरी.

उंचीचं थोडक्यात सांगतो. कुठलंही करेक्शन घ्या, उपग्रहावरून येणारी उंची समुद्रसपाटीपासूनची नसते. पुण्याकडे दोन्हींत साठ मीटरच्या वर फरक आहे. पाणी वाहून न्यायचं काम असेल तर बीएमवरून (उंची आधीच ठरवलेल्या पक्क्या खुणेवरून) लेव्हल आणा.

आणखी एक, कारण शेतकरी आपल्याकडे फार आशेने बघतात. मागे एका बांधावर एक तात्या मला म्हणाले, "एवढं सॅटेलाइटचं यंत्र आहे, सांगून टाका बांध कुणाचा." मी म्हटलं, "तात्या, मी कुठे उभा आहे ते हे यंत्र सांगतं. बांध कुठे असायला हवा ते याला ठाऊक नाही." ती गोष्ट जुन्या अभिलेखात आहे. इंग्रजांच्या काळात आपल्याकडची मोजणी ३३ फुटांच्या साखळीने झाली. त्या साखळीचे सोळा आणे, म्हणजे एक आणा दोन फूट पाऊण इंचाचा. ३३ बाय ३३ फूट म्हणजे आपला गुंठा, तो त्याच साखळीतून आला. अशा मापाच्या नकाशावर रोव्हरचा सेंटिमीटर ठेवून भावाभावांत भांडण लावू नका. हद्द कायम करायची तर भूमी अभिलेखची मोजणी, हे त्यांना आधीच सांगा, पैसे घेण्याआधी.

आणि 'फिक्स्ड'वर डोळे मिटून विसंबू नका. उसाच्या कडेला, आंब्याखाली, पत्र्याच्या शेडजवळ खोटा फिक्स लागतो. सूर्यास्तानंतर आपल्या अक्षांशांवर आयनांबर खवळतं, मार्च आणि सप्टेंबर-ऑक्टोबरच्या आसपास जास्तच. २०२४ च्या आगेमागे सूर्यावरची खळबळ भरात होती तेव्हा संध्याकाळी सातनंतर मी पोल मिटवून ठेवायचो. महत्त्वाचा बिंदू असेल तर करेक्शन तोडा, फिक्स पुन्हा लागू द्या, आणि तासाभराने परत येऊन पुन्हा घ्या.

तर नवा रोव्हर घेतलेल्यांनी पहिल्या कामाआधी एवढं करा. आपल्या ऑफिसच्या गच्चीत, आकाश मोकळं असेल तिथे, एक खिळा कायमचा ठोका. कॉर्सवर त्याचे आकडे घ्या, एकदा सकाळी, एकदा दुपारी. मग त्यावर बेस लावून चार तास स्टॅटिक डेटा घ्या आणि हिशेब लावा. तिन्ही आकडे आणि अँटेनाची उंची मला पाठवा, मी बघून सांगतो.